बिज्याचं आढं

यादोरावच्या नव्या घराचं आढं चढायचं होतं त्या दिवशी सावित्रीबाईनं सगळ्यांच्या आधी आंघोळ उरकली, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली आणि मग चुलीपुढे बसून मुद्दाम ओली लाकडं सारली. घरभर धूर झाला. सासू अनुसयाबाई खोकत उठून आली तेव्हा सावित्रीबाई पदरानं डोळे पुसत होती, आणि धुरानं पाणी आलं म्हणायला आता तिला काही अडचण नव्हती.

"येवढा धूर काऊन केला वो?" अनुसयाबाईनं विचारलं.

"लाकडं ओली आहेत, आत्याबाई. सुकी सारी तिकडं गेली ना. पंगतीच्या चुलीले."

हे अगदीच खोटं नव्हतं. गेलं वर्षभर या घरातलं जे जे बरं होतं ते मुरमाटोल्याच्या दुसऱ्या टोकाला, धाकट्या दिराच्या बांधकामावर जात होतं. बैल गेले, धानाच्या तणसाचे भारे गेले, आंब्याखालची मोठी कढई गेली. आणि तिचा नवरा उदाराम तर सकाळ झाली की तिकडे आणि दिवस बुडाला की इकडे. यादोरावनं तेंदूच्या पानठेक्यावर मुनशी म्हणून चार वर्षं काढली, गोंदियातल्या शेठजीची मर्जी सांभाळली आणि पैसा जोडला. वाटणीत जुनं घर नि म्हातारी माय थोरल्याकडे राहिली. धाकट्यानं रस्त्याच्या कडेची मोकळी जागा घेतली. तेव्हा सावित्रीबाईला वाटलं होतं की आपल्याला घर मिळालं आणि त्याला माळ. आता त्या माळावर लोखंडी गजांच्या खिडक्या उभ्या होत्या, आणि ती मात्र लग्न होऊन आली त्या दिवसापासून ज्या ठेंगण्या दाराला वाकून जात होती, त्याच दाराला अजून वाकत होती.

धाकटी जाऊ पुष्पाबाई वाईट असती तर फार बरं झालं असतं. वाईट माणसाचा राग करता येतो, चार बायकांत बसून बोलता येतं. पण पुष्पाबाई पहिलं लोणचं जावेच्या घरी पाठवायची, बाजारातून दोन लुगडी आणली तर चांगलं कोणतं ते सावित्रीबाईलाच आधी निवडायला सांगायची. सावित्रीबाई चांगलंच निवडायची, आणि मग ते नेसताना तिचा जळफळाट व्हायचा.

पडवीत भिंतीला लागून बिज्याचं, सागाच्या तोडीच्या लाकडाचं, लांबलचक खोड पडलेलं होतं. दोन्ही टोकांना शेणमातीचा लेप, खाली दगडांचे टेकू, वर जुनं पोतं. ते खोड सावित्रीबाईचं घर होतं. म्हणजे अजून घर नव्हतं, पण तिच्या मनात त्याच्याखाली भिंती कधीच उभ्या राहिल्या होत्या. जंगल सत्याग्रहाच्या आदल्या साली उदारामनं ते नागझिऱ्याकडून आणलं. नाल्यात गाडी फसली तेव्हा मागून ढकलत सावित्रीबाई होती, आणि चाकाखाली आलेल्या तिच्या अंगठ्याचं नख पुन्हा कधी धड आलं नाही. मग ते खोड बोडीच्या, शेतातल्या छोट्या तळ्याच्या, गाळात पुरलं. चार पावसाळे त्यातला लाल रस पाण्यात उतरत राहिला. बाहेर काढल्यावर दोन उन्हाळे सावलीत वाळवलं, कारण उन्हात वाळवलं की लाकूड तडकतं. आता ते असं झालं होतं की वाळवीनं त्याच्याकडे पाहूही नये. फक्त घर बांधायला हातात काही नव्हतं. लाकूड तयार होतं आणि मालक तयार नव्हता.

त्या खोडावर कोणी बसलेलं सावित्रीबाईला चालत नसे. आज उदाराम त्यावर बसला होता, कोपरापर्यंत बाह्या सारून. हातांवर बिब्ब्याचे फोड अजून पुरते वाळले नव्हते.

"उठा तठून," ती म्हणाली. "अन् जाऊन राहिले तं एक गोष्ट ध्यानात ठेवा. तीन टोले माराचे, 'चढवा' म्हनाचं, घरी याचं."

उदाराम हातावरच्या फोडांवर फुंकर घालत राहिला.

"आयकलं का?"

"आयकलं."

"त्यानं तुमाले इचारलं होतं का लाकूड घेताना? नाई ना? मंग झालं."

० ० ०

मुरमाटोल्यात कोणी घर बांधायला काढलं की लोक एकच सांगत, उदारामला विचारा. तो सुतार नव्हता, धानाची शेती करणारा माणूस. पण बापाकडून त्याच्याकडे हात आणि कान आले होते. भिंतीची माती तो बोडीच्या तळातून उचलायचा, तिचा लाडू वळून उन्हात ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी जमिनीवर आपटायचा. भुगा झाला तर ती माती नको, तडा गेला तरी नको. पटलेल्या मातीत बारीक तणस घालून ती आंबट वास येईपर्यंत कुजवायची, मग बैलांनी तुडवायची. बांबू पावसाळा सरल्यावर अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचे आणि नाल्यात दगडाखाली दाबून ठेवायचे, पाण्याला येणारी घाण थांबेस्तोवर. तसं केलं नाही तर तिसऱ्या वर्षी वाशांतून पिठासारखा भुसा गळतो. खांबाचं बूड विस्तवावर काळं होईपर्यंत भाजायचं आणि वर बिब्ब्याचं तेल चोपडायचं. तेल अंगावर उडतं आणि फोड येतात. ते सोसायचे.

हे सगळं त्यानं धाकट्या भावासाठी केलं, आणि करताना जळतही राहिला. दोन्ही खरं होतं. कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, भट्टीवर एकेक कवेलू नखानं वाजवून निवडताना त्याच्या मनात येई की हे माझ्या घरावर चढणार नाही. तरी एकही भेगाळलेलं कवेलू त्यानं गाडीत जाऊ दिलं नाही. हातांना खोटं काम येत नव्हतं, त्याला तो तरी काय करणार?

आणि मग यादोरावनं आढं आणलं. न विचारता.

आढं म्हणजे छपराचा कणा. सगळे वासे त्याच्यावर टेकतात, आणि वाशांवर कवेलूंचा सगळा भार. माती विचारून घेतली, बांबू विचारून घेतले, आणि घरातलं सगळ्यात मोठं लाकूड यादोराव दरेकशाला जाऊन छोटेलाल ठेकेदाराकडून परस्पर घेऊन आला. सागवान. तिरोड्यापर्यंत रेल्वेनं आलं आणि पुढे दोन गाड्या जोडून. सरळसोट, गुळगुळीत, जवसाच्या तेलानं चमकणारं. अख्खी वस्ती पाहायला गेली. "दादा, पाहा!" यादोराव लांबूनच ओरडला होता. त्याला विचारायचं नव्हतं, दाखवायचं होतं.

त्या दिवशी लोक पांगल्यावर उदाराम एकटा मागे राहिला. लाकडाला कान लावून त्यानं कुऱ्हाडीच्या पाठीनं बुडाशी एक टोला दिला. पुन्हा दिला. निरोगी लाकूड टोला दुसऱ्या टोकापर्यंत स्वच्छ पोचवतं. हा टोला वाटेत कुठेतरी बुडत होता. मग त्यानं बुडाकडची जागा बोटांनी चाचपली आणि त्याला एक जुनी गाठ लागली, लाकडानं स्वतःवर ओढून घेतलेली. झाड मोहाच्या शेजारचं असणार. चैतात मोहफुलं वेचायला खालचा पालापाचोळा जाळतात, तेव्हा शेजारच्या झाडाचं बूड दरवर्षी थोडं होरपळतं. वरून जखम भरते. आत कीड शिरते ती कोणाला दिसत नाही.

घरी येऊन त्यानं फक्त सावित्रीबाईला सांगितलं. आणि सावित्रीबाई जे म्हणाली ते त्याला हवंच होतं, हे त्याचं त्याला माहीत होतं. दुसऱ्या दिवसापासून तो बांधकामावर गेला नाही. धानाचं बियाणं पाखडायचं आहे म्हणाला.

० ० ०

माणसं जमली होती. यादोराव पांढरं धोतर, कोट आणि डोक्याला जरीची टोपी घालून उन्हात घाम पुसत उभा होता. सागवानाला हळदीकुंकू लागलं होतं, मधोमध लाल फडक्यात नारळ बांधला होता. केवळराम सुतारानं दोर सोडून ठेवले होते. भटजींनी घाई चालवली होती, त्यांना दुपारी दुसऱ्या गावी जायचं होतं.

थोरला भाऊ येतो की नाही, ही यादोरावला सकाळपासून धास्ती होती. या घराण्याची एक रीत होती, आजोबापासूनची. आढं चढण्याआधी घरातला थोरला पुरुष कुऱ्हाडीच्या पाठीनं त्यावर तीन टोले देतो आणि 'चढवा' म्हणतो. तो म्हणेपर्यंत दोराला कोणी हात लावत नाही. बापानं जुन्या घराला म्हटलं होतं. आता उदारामनं म्हणायचं.

उदाराम आला. यादोरावचा जीव भांड्यात पडला आणि लगेच तोंडात कडू आलं, कारण त्याला दिसलं की लोक त्याच्या घराकडून वळून दादाकडे पाहायला लागले. हे लहानपणापासूनचं होतं. पैसा कोणी आणला, खिडक्या कोणी आणल्या, आणि तरी टोला दादानं द्यायचा. म्हणूनच तर सागवान त्यानं न विचारता आणलं. या घरात एक तरी गोष्ट अशी हवी होती जिला उदारामचं बोट लागलेलं नाही.

"ये, दादा. तुह्यासाठीच थांबलो."

उदारामनं कुऱ्हाड घेतली. पहिला टोला दिला. दुसरा दिला. तिसऱ्याला हात वर गेला आणि वरच राहिला. बायकांच्या घोळक्यात पुष्पाबाईचा धाकटा पोरगा भिंतीच्या सावलीत बसून चिखलाचे बैल करत होता. कवेलू चढले की या जागी पोरं झोपतील, एवढंच त्याच्या मनात आलं. त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली.

"नोका चढवू," उदाराम म्हणाला.

"काय?"

"आतून खाल्लेलं आहे हे. दोन पावसारे काढंल, तीन काढंल. मंग बसंल खाली."

 मग यादोराव हसला, पण ते हसू त्याच्या तोंडावर नीट बसेना.

"दादा, सागवान आहे हे."

"सागवानच आहे. मोवाच्या जवरचं. बूड जरलेलं आहे त्याचं."

"दिसते का तुले? आत डोरे गेले का तुहे?"

"आवाज आयकला मी."

"आज? आज आयकला?" यादोरावचा आवाज चढला. "हे लाकूड अठी पंधरवडाभर पडून आहे. तवा कान कोठी होते तुहे? अख्खं गाव जमलं, भटजी आले, हळद लागली, अन् आता तुले आवाज आला?"

उदारामला उत्तर देता आलं असतं. तेव्हाच आयकला होता, असं म्हणता आलं असतं. पण मग तेव्हा का नाही बोललास, याला उत्तर नव्हतं, म्हणजे होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. 

"जरून राहिला तू, दादा," यादोराव म्हणाला. "साफ सांगतो, साऱ्या गावादेखत सांगतो. पाया खंदला तवापासून जरून राहिला."

जमलेल्या माणसांत कुजबुज झाली, आणि वाईट हे की ती यादोरावच्या बाजूची होती. उदाराम जळतो हे गावात कोणापासून लपलं नव्हतं. आता अनुसयाबाई पुढे झाली. तिला दोन्ही लेक सारखे, असं ती नेहमी म्हणायची, आणि म्हणताना नेहमी धाकट्याकडे पाहायची.

"उदाराम, बाप्पा, आजच्या दिवशी तं असं नोको करू. म्हन 'चढवा' अन् मोकरा हो."

"माय, तुले बी वाटते का मी खोटं बोलून राहिलो?"

अनुसयाबाईनं पदर तोंडाला लावला. तेच तिचं उत्तर होतं.

केवळराम सुतारानं गिरमिट लावून आत पाहू का असं विचारलं. भटजींनी दोन्ही हात वर केले. पूजलेल्या आढ्याला भोक पाडायचं? लोखंड आत खुपसायचं? त्यापेक्षा घराला आग लावा म्हणाले. म्हणजे आत काय आहे ते पाहायची सोय नव्हती. उरला फक्त उदारामचा शब्द, आणि त्याच्या शब्दाची किंमत त्यानं स्वतःच गप्प बसून घालवली होती.

० ० ०

पुष्पाबाई बायकांत उभी होती, नाकापर्यंत पदर ओढून. उदाराम तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्यापुढे तोंड उघडं टाकायचं नाही आणि त्याच्याशी बोलायचंही नाही. काही सांगायचं तर मध्ये कोणीतरी लागतं. कोणीच नसलं तर भिंतीला सांगायचं. लग्न होऊन आल्यापासून ती असंच करत आली होती. "भिंती, भासऱ्याले सांग, भात झाला," आणि उदाराम भिंतीकडे पाहूनच "हो" म्हणायचा.

सागवान आलं त्या संध्याकाळी बांधकामाशेजारच्या राहत्या खोपटाच्या तट्ट्याआड ती भांडी गोळा करत होती. तिनं टोले ऐकले होते. भासरा लाकडाला कान लावतो हे पाहिलं होतं, आणि कान काढल्यावर त्याचं तोंडही पाहिलं होतं. तेव्हा तिला वाटलं होतं की इतकं चांगलं लाकूड पाहून याला वाईट वाटलं. आपल्याला असलेलं काहीतरी दुसऱ्याला सलतं, याचं तिला थोडं बरंही वाटलं होतं. ती काही देवी नव्हती. पण दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही, आणि आता तिला कळत होतं की लाकूड चांगलं असतं तर तो आला असता. जळत जळत आला असता, जसा वर्षभर आला.

तिनं मध्ये कोणाला घातलं नाही.

"भासरेजी," ती म्हणाली, आणि बायका दचकून तिच्याकडे वळल्या. "तुमच्या घरावर चढवलं असतं का हे लाकूड?"

"पुष्पा!" यादोराव ओरडला.

तिनं पदर वर केला नव्हता, पण तोंड उदारामकडेच होतं. उदाराम पहिल्यांदाच भिंतीकडे न पाहता तिला उत्तर देत होता.

"नाई चढवलं असतं."

"आमी झोपाचं ना याच्या खाली?"

"नोका झोपू, बाई. लेकरं आहेत."

"मंग काय करू आमी?" तिचा आवाज फाटला. "वैशाख सरून राहिला. पावसारा आला. आता असं लाकूड कोठी भेटंल?"

आणि उदाराम बोलून गेला. विचार करून बोलला असता तर बोलला नसता, कारण त्यासाठी आधी घरी जाऊन एका माणसाला विचारावं लागलं असतं.

"माह्या पडवीतलं बिजा घेऊन जा. माप लागते. चार पावसारे बोडीत होतं, दोन उन्हारे सुकलं. शंभर वर्सं हलनार नाई." मग तो यादोरावकडे वळला. "आता सांग. जरून राहिलो का मी?"

यादोरावनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. त्याचं समाधान झालं नव्हतं. दादाचं बोट न लागलेली एकच गोष्ट या घरात होती, आणि तिच्या जागी आता दादाचं लाकूड येणार होतं. जन्मभर वर पाहायचं आणि ते पाहायचं. यादोरावला वाटलं, हेच तर दादाला हवं नव्हतं ना? याचसाठी तर हा सगळा खेळ नाही? हा संशय त्या दिवशी त्याच्या मनात शिरला तो शिरलाच.

बायकांच्या घोळक्यात हिरवं लुगडं आता दिसत नव्हतं.

० ० ०

दोर घेऊन माणसं पडवीत आली तेव्हा सावित्रीबाई खोडावर बसलेली होती. मधोमध, दोन्ही पाय रोवून.

"उठ वो," उदाराम म्हणाला.

"नाई उठत."

"साऱ्या गावादेखत बोललो मी."

"गावाले बोलले. मले बोलले का?"

केवळराम सुतार दोर खाली ठेवून अंगणात गेला. बाकीची माणसंही त्याच्यामागे सरकली. नवराबायकोच्या भांडणात दोर हातात घेऊन उभं राहणं बरं दिसत नाही.

"दुसरं आनू," उदाराम हळू म्हणाला.

"कोठून? जंगलचा नाकेदार आता दातनाची काडी तोडू देत नाई, अन् तुमी बिजा आनता? वय काय तुमचं? बोडीत घालसान, चार वर्सं ठेवसान, सुकवसान. मंग घर बांधसान. मी राहीन का तवा?" तिचे डोळे भरले आणि या वेळी जवळपास चूल नव्हती. "माह्यासाठी येवढंच तं होतं या घरात. बाकी सारं तुमच्या मायचं."

 उदारामनं तिच्या पायाच्या अंगठ्याच्या वेड्यावाकड्या नखाकडे पाहिलं, मग तोही अंगणात गेला.

पुष्पाबाई मागच्या दारानं आली. डोक्यावरचा पदर मागे पडला होता, पाय धुळीनं भरले होते. ती सावित्रीबाईसमोर जमिनीवर बसली.

"उठू नोका, बाई," ती म्हणाली.

"काय?"

"तुमी उठूच नोका. मी सांगते त्याइले. छप्पर पुढच्या साली चढवू. भिंतीवर तणस टाकून ठेवू, पावसारा अठीच काढू तुमच्या संगं. हे तुमचं लाकूड आहे. मले माहीत नाई का? तुमी कोनाले बसू देत नाई याच्यावर."

 पुष्पाबाई खरंच बोलत होती, हाच तर वैताग होता. सावित्रीबाईच्या डोळ्यांपुढे अख्खा पावसाळा उभा राहिला. पुष्पाबाई या घरात, या चुलीवर, पहाटे जावेच्या आधी उठणारी, सासूचे पाय चेपणारी. आणि बोडीवर धुणं धुताना बायका म्हणणार, पाहा, धाकटीनं घर सोडलं पण जावेचं लाकूड घेतलं नाही. गुण धाकटीचा. आणि थोरली? थोरली लाकडावर बसून राहिली.

घर गेलं तर गेलं. पण हेही पुष्पाबाईला मिळायचं?

सावित्रीबाई उठली.

"ने," ती म्हणाली.

"बाई, मी खरंच म्हनते..."

"ने म्हनलं ना! मोठी मी आहो या घरात. देनारी मी आहो. तू कोन नाई म्हननारी?" तिनं खोडावरचं पोतं ओढून काढलं आणि घडी घालून काखेत घेतलं. "पन हळद मी लावीन. कुंकू बी मी लावीन. तुह्या हातानं नाई."

"लावा, बाई."

"अन् दरवाज्यातून नेताना घासू नोका म्हन त्याइले."

मग ती न राहवून खाली वाकली आणि टोकाचा शेणाचा लेप नखांनी खरवडून काढायला लागली, कारण कोणाच्या घरी द्यायची वस्तू स्वच्छ द्यावी. आतून बिज्याचा पिवळसर तांबूस रंग दिसला. चांगलं निघालं होतं. तिच्या कल्पनेपेक्षाही चांगलं, आणि त्याचंच तिला रडू आलं. पुष्पाबाईनं दुसऱ्या टोकाचा लेप काढायला घेतला. दोघी एकमेकींकडे न पाहता रडल्या.

० ० ०

भटजींना थोडी जास्त दक्षिणा द्यावी लागली तेव्हा कुठे मुहूर्त संध्याकाळपर्यंत लांबला. सावित्रीबाईनं बिज्याला हळद लावली. उदारामनं तीन टोले दिले. तिसऱ्या टोल्याचा आवाज अंगणाच्या पलीकडे उभ्या असलेल्यांनाही लख्ख ऐकू आला. "चढवा," तो म्हणाला, आणि दोर ताणले गेले.

सागवान अंगणात बाजूला पडलं. पूजलेलं म्हणून त्याला कोणी कुऱ्हाड लावली नाही, आणि पुढंही कोणी लावणार नव्हतं. त्याच्या आत काय होतं ते मुरमाटोल्यात कोणी कधी डोळ्यांनी पाहिलं नाही. यादोराव पंगतीत सगळ्यांना आग्रह करत फिरला, दादाच्या पानापाशी मात्र तो थांबला नाही.

बायकांची पंगत उघड्या छपराखाली बसली. वर अजून वासे नव्हते, नुसतं आढं आणि संध्याकाळचं आभाळ. सगळ्या बायकांच्या माना वर होत्या.

"कोनाचं वो हे लाकूड?" तिरोड्याहून आलेल्या एका पाहुणीनं विचारलं.

"सावित्रीचं," दोघी-तिघी एकदम म्हणाल्या. "थोरल्या सुनेचं. देऊन टाकलं माउलीनं."

"काय मन म्हनाचं!"

खिडक्यांबद्दल कोणी बोललं नाही. गज कोणी हात लावून पाहिले नाहीत. पुष्पाबाई भाताचं घमेलं घेऊन वाढत येत होती. ती ऐकत होती, हसत होती, आणि सावित्रीबाईला तिच्या तोंडावर काहीतरी दिसलं. ते तिनं लगेच ओळखलं. वर्षभर तेच तिनं स्वतः वागवलं होतं, धुरात लपवलं होतं, नव्या लुगड्यात लपवलं होतं. ते असं दुसऱ्याच्या तोंडावर पाहून तिला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण वर पाहिलं की तिला आपल्या मनातल्या भिंती उघड्याच राहिलेल्या दिसत होत्या.

पुष्पाबाई तिच्या पानापाशी आली.

"येत जा, बाई, घरी."

"येईन ना," सावित्रीबाई म्हणाली. "माह्या लाकडाखाली बसाले कोनाले इचाराव लागते का?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. पुष्पाबाईही हसली आणि तिनं वाकून भात वाढला. नेहमीपेक्षा जरा कमीच वाढला, आणि ते दोघींच्याही लक्षात आलं.